डोंगराला वणवा लागायच्या आधी जाळपट्टा कसा काढायचा

आपल्या साताऱ्यात यवतेश्वर म्हणा, अजिंक्यतारा म्हणा, फेब्रुवारी लागला की रात्री डोंगरावर लाल माळ दिसतेच, आणि निम्म्या वेळा कोणीतरी "जाळलं की पुढच्या वर्षी गवत चांगलं येतं" म्हणून काडी लावलेली असते. गवत येतं ओ, पण रोपटी मरतात, आणि मोठ्या झाडाची साल भाजून तडकली की तिथनं बुरशी अन खोडकिडा आत शिरतो, मग ते झाड पुढं दोन-तीन वर्षांनी वाळतं आणि आपण म्हणतो रोग पडला.

तर तुमचं मालकी रान असेल तर डिसेंबरातच कामाला लागा. हद्दीच्या कडेनं दहा-पंधरा फुटांचा जाळपट्टा धरायचा, म्हणजे आग अडवायला गवत-पाला नसलेली मोकळी पट्टी, त्यातलं गवत विळ्यानं मुळापास्नं कापायचं, पालापाचोळा खराट्यानं ओढून बाहेर काढायचा, खाली नुसती माती दिसली पायजे. जनावरांना वैरण झाली हा बोनस. कापलेलं तिथंच पेटवायचा शॉर्टकट नको, वारा फिरला की संपलं. एकदा करून सोडायचं पण नाही, पानगळ झाली की पट्टा परत झाडायचा, हेच लोक विसरतात.

वनखात्याच्या हद्दीत मात्र स्वतःच्या मनानं काही करू नका, आधी वनरक्षकाला भेटा. तिथं आग लावणं १९२७ च्या वन कायद्यानं गुन्हा आहे. धूर दिसला तर वनखात्याच्या १९२६ या हेल्पलाइन नंबरवर फोन करा. छोटी आग हिरव्या डहाळ्यांनी झोडपून विझते, पण चढावर आगीच्या वरच्या अंगाला कधीच थांबू नका.