चेकवर सही कोणाची? दिव्यांगांच्या संस्थांनी अनुदान कसं मागावं

अनुदानाची फाइल घेऊन कुणी आलं की मी आधी विचारते, चेकवर सही कोण करतं? लेटरहेडवर अध्यक्ष कर्णबधिर, सचिव अंध, आणि बँकेत सह्या मात्र धडधाकट ‘मार्गदर्शकां’च्या असतील, तर अर्ज बाजूला ठेवा. आधी ते निस्तरा.

मी कुबड्यांवर चालते, कोल्हापुरात लक्ष्मीपुरीत ट्रस्टांचे हिशेब लिहिते. दिव्यांगांसाठी चालणाऱ्या संस्था माझ्याकडे येतात आणि दिव्यांगांनी चालवलेल्याही. दोन्हींत फरक आहे. संयुक्त राष्ट्रांच्या दिव्यांग हक्क समितीने 2018 मध्ये तो लिहूनच ठेवलाय: दिव्यांगांची संस्था म्हणजे सभासदांत स्पष्ट बहुमत दिव्यांगांचं आणि कारभार त्यांच्याच हाती. कोल्हापूरला हे नवं नाही. नसीमा हुरजूक यांनी व्हीलचेअरवरून ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ उभी केली ती 1984 सालची गोष्ट. पण त्यांचं नाव सगळ्यांना ठाऊक आहे, तुमचं नाही. तुमच्या बाजूने कागदच बोलणार.

त्यातला पहिला कागद धर्मादाय कार्यालयातला परिशिष्ट एकचा उतारा, म्हणजे ट्रस्टच्या नोंदीची नक्कल. संस्थेचे विश्वस्त कोण, हे पैसे देणारा तिथंच बघतो. निवडणूक होऊन नवी मंडळी आली, पेढे वाटले, पण चेंज रिपोर्ट, म्हणजे विश्वस्त बदलल्याची कळवणी, दिलाच नाही, असा प्रकार सर्रास चालतो. मुदत 90 दिवसांची असते. उताऱ्यावर जुनी नावं आणि अर्जावर नवी, म्हणजे प्रश्नाला आमंत्रण. जमल्यास संस्थेच्या घटनेतच कलम घाला की कार्यकारिणीत किमान दोन तृतीयांश दिव्यांग असतील. दिव्यांग सभासदांची यूडीआयडी कार्डं (सरकारी दिव्यांग ओळखपत्रं) एका फोल्डरात ठेवा.

मग बँक. आमच्या एका संस्थेचा खजिनदार अंध आहे. शाखेतल्या साहेबांनी सांगितलं, ‘सोबत दिसणाऱ्या माणसाची सही लागेल, तुमच्याच सुरक्षिततेसाठी.’ अंध खातेदाराला चेकबुकसह कुठलीही सेवा नाकारायची नाही, असं रिझर्व्ह बँकेनं 2008 मध्येच बँकांना कळवलंय. आम्ही परिपत्रकाची प्रत जोडून लेखी उत्तर मागितलं. लेखी नकार द्यायला कुणी धजत नाही. ऑनलाइन फॉर्मवर लागणाऱ्या डिजिटल सहीच्या व्हिडिओ पडताळणीतही कर्णबधिर माणूस अडतो, कारण काही ठिकाणी बोलून दाखवायला सांगतात. डिजिटल केवायसी, म्हणजे ओळख पडताळणी, दिव्यांगांना जमेल अशी करा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल 2025 मध्ये दिलाय. त्याचा हवाला द्या आणि पर्याय मागा. ‘त्यापेक्षा तुमच्या मुलाच्या नावाने डिजिटल सही घेऊन टाकू’ हा सल्ला ऐकू नका.

बाकीची यादी कोरडी आहे, पटकन सांगते: पॅन, 12ए (संस्थेच्या आयकर सवलतीची नोंदणी), 80जी (देणगीदाराला करसवलत देणारी), नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलवरची नोंद, तीन वर्षांचे ऑडिट. शाळा, वसतिगृह असं काही चालवत असाल तर 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याखालची नोंदणीही लागते.

आता पैसा कुठून आणायचा. केंद्राची दीनदयाळ दिव्यांग पुनर्वसन योजना आहे, अर्ज ई-अनुदान पोर्टलवर. विशेष शाळा, लहान मुलांचं उपचार-केंद्र अशा चालत्या प्रकल्पांना ती बरी. हक्कांसाठी भांडणाऱ्या, सल्ला देणाऱ्या गटाने त्यात वेळ घालवू नये, असं माझं मत. परदेशी पैसा एफसीआरए (परदेशी देणग्यांचा कायदा) नोंदणीशिवाय घ्यायचाच नाही, मग देणारा तुमचा मावसभाऊ का असेना, जर तो तिकडचा नागरिक असेल.

कोल्हापुरात खरी आशा सीएसआरची, म्हणजे कंपन्यांनी समाजकामावर करायच्या खर्चाची. निव्वळ नफा 5 कोटी किंवा जास्त असलेल्या कंपनीला आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे 2 टक्के खर्च करावेच लागतात, आणि आपल्या परिसराला प्राधान्य द्यायचं असतं. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल इथल्या फौंड्रीवाल्यांना हे पाठ आहे. रक्कम 50 लाखांच्या आत असेल तर सीएसआर समितीही लागत नाही, संचालक मंडळच ठरवतं. म्हणजे बऱ्याचदा तुमची गाठ थेट मालकाशी. त्याआधी कंपनी मंत्रालयाकडे सीएसआर-1 फॉर्म भरून संस्थेचा नोंदणी नंबर घ्या. कामाचा तीन वर्षांचा अनुभवही दाखवावा लागतो. तो नसेल तर तोवर 80जी पावतीवर गावातून छोट्या देणग्या जमवा.

भेटीला अध्यक्षांनीच जायचं. अध्यक्ष कर्णबधिर असतील तर सांकेतिक भाषेचा दुभाषी कंपनीच्या साहेबांच्या शेजारी, किंचित मागे बसवा आणि अध्यक्ष समोर. दुभाषी अध्यक्षांच्या बाजूला बसला की साहेब त्याच्याशीच बोलत राहतात, ‘यांना विचारा की’ म्हणतात, आणि अध्यक्ष आपल्याच बैठकीत पाहुणे होतात. खुर्ची हलवली की नजर आपोआप अध्यक्षांकडे जाते. चहा आला की दुभाष्याला कप खाली ठेवू द्या. हातात कप असला की बोलणं बंद.

बजेटमध्ये दुभाष्याचा खर्च ‘किरकोळ’मध्ये दडवू नका. समजा, कर्णबधिर मुलांना सहा महिने सीएनसी (संगणकावर चालणारं) मशीन शिकवायचंय. दुभाषी महिन्याला 12 दिवस, रोज 1500 रुपये, म्हणजे 18,000. सहा महिन्यांचे 1,08,000. अशी स्वतंत्र ओळ लिहा आणि खाली कारण: याशिवाय प्रशिक्षण होणार नाही. व्हीलचेअरवाल्यांची रिक्षा, अंध सभासदासाठी स्क्रीन रीडरवर चालणाऱ्या फाइली, सगळं तसंच. ‘एवढं कमी करता येईल का?’ असं विचारलं तर मुलांची संख्या कमी करा, दुभाष्याचे दिवस नाही. दिव्यांग कार्यकर्त्यांचं मानधनही लिहा. आपली माणसं फुकट राबतात म्हणून प्रकल्प स्वस्त दाखवायचा, याची मला भारी चीड आहे.

वेळेचंही बघा. कंपन्यांना खर्चाची घाई जानेवारीपासून सुटते, तेव्हा दिवाळीनंतर लगेच कागद पोचवा. मार्चअखेर मात्र जपून. 27 तारखेला पैसे टाकतात आणि 31 तारखेचं उपयोगिता प्रमाणपत्र मागतात. एक रुपयाही खर्च झालेला नसताना ‘पूर्ण खर्च झाला’ या कागदावर सही तुमच्या अध्यक्षांची जाते, मध्यस्थाची नाही. जेवढा खर्च झाला तेवढ्याचंच प्रमाणपत्र द्या आणि उरलेलं काम पुढच्या वर्षात चालू प्रकल्प म्हणून मंजूर करून घ्यायला कंपनीला लेखी कळवा. त्या पत्राची पोच घ्या, शिक्क्यासह.