निनावी धमकीचा माग आणि घरच्यांची जबाबदारी

अमेरिकेत एखाद्या शाळेत सामूहिक गोळीबार झाला की पुढच्या काही दिवसांत समाजमाध्यमांवर निनावी धमक्यांचे पेव फुटते. त्यांतल्या बहुतेक पोकळ असतात. परंतु कोणती पोकळ आणि कोणती खरी, हे स्क्रीनकडे पाहून सांगता येत नाही आणि ते ठरवणे वाचणाऱ्याचे कामही नाही. त्याने धमकी जशीच्या तशी, माग काढता येईल अशा अवस्थेत तपास यंत्रणेच्या हाती द्यावी. मजकुरात वेळ, ठिकाण किंवा कुणाचे नाव असेल तर थेट ९११ या आणीबाणीच्या क्रमांकावर फोन करावा. एरवी स्थानिक पोलिसांना, शाळेला आणि एफबीआयच्या माहिती स्वीकारणाऱ्या संकेतस्थळावर कळवावे. दुसऱ्या कुणीतरी कळवले असेलच, असे धरून चालू नये.

स्क्रीनशॉट घेताना बहुतेकांची एक चूक होते: फक्त धमकीचे वाक्य टिपले जाते. दिसणारे नाव वापरकर्ता क्षणात बदलू शकतो, म्हणून खात्याचे मूळ वापरकर्तानाव किंवा क्रमांक, त्या संदेशाची लिंक, आधीचे आणि नंतरचे संदेश, तारीख, वेळ आणि आपण कोणत्या टाइम झोनमध्ये आहोत, हे सारे नोंदवावे. प्लॅटफॉर्मकडे तक्रार त्यानंतरच करावी, कारण तक्रारीनंतर मजकूर हटवला गेला तर आपल्या हाती काहीच उरत नाही. धमकी देणाऱ्याशी वाद घालू नये आणि तो स्क्रीनशॉट वर्गाच्या ग्रुपवर फिरवू नये. फिरवलेल्या प्रतींमुळे घबराट वाढते आणि मूळ संदेश कुठला, हे शोधणेही अवघड होते. स्वतः गुप्तहेर होऊन कुणाचे नाव जाहीर करणे तर कटाक्षाने टाळावे. २०१३ च्या बोस्टन मॅरेथॉन बॉम्बस्फोटांनंतर इंटरनेटवरील हौशी तपासकर्त्यांनी एका बेपत्ता विद्यार्थ्यावर संशय घेतला होता. तो पूर्णपणे निर्दोष होता.

पुढचा माग कसा निघतो, हे माहीत असले की वरच्या सूचनांचे कारण कळते. जिवाला तातडीचा धोका असल्याचे समाजमाध्यम चालवणाऱ्या कंपनीला प्रामाणिकपणे वाटले, तर संघीय कायद्यानुसार ती वॉरंटविना पोलिसांना माहिती देऊ शकते. अन्यथा पोलीस त्या कंपनीकडे नोंदी ९० दिवस जपून ठेवण्याची मागणी करतात, मग खातेदाराच्या माहितीसाठी समन्स आणि संदेशांच्या मजकुरासाठी वॉरंट मिळवतात. त्यातून ईमेल, फोन क्रमांक आणि लॉगिनचे आयपी पत्ते (इंटरनेट जोडणीचे क्रमांक) हाती लागतात, आणि ते पत्ते घेऊन पोलीस इंटरनेट सेवा पुरवणाऱ्या कंपनीकडे जातात. मोबाइल नेटवर्कवर एकच सार्वजनिक पत्ता एकाच वेळी अनेक ग्राहक वापरत असल्यामुळे तिथे सेकंदापर्यंतची वेळ आणि त्या ग्राहकाची जोडणी वेगळी ओळखणारा पोर्ट क्रमांकही लागतो. सर्व्हरच्या नोंदी बहुधा यूटीसीमध्ये, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत असतात; अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यात उन्हाळ्यात रात्री ९.४० वाजता लिहिलेला संदेश तिथे दुसऱ्या दिवशीच्या पहाटे १.४० चा म्हणून नोंदवला जातो. हा फरक विसरला तर भलत्याच घराचे दार ठोठावले जाईल. शिवाय व्हीपीएन, म्हणजे खरा पत्ता लपवणारी सेवा, वापरले असेल तर पत्ता दुसऱ्याच गावाचा निघतो.

हे सगळे नीट जुळले तरी माग जोडणीपर्यंत पोहोचतो, माणसापर्यंत नव्हे. राउटर एक आणि घरात माणसे चार. त्या चारांतल्या कुणी लिहिले, हे बहुतेक वेळा घरच्यांनाच ठाऊक असते. मे २०२३ मध्ये एफबीआयला शाळेत गोळीबार करण्याच्या ऑनलाइन धमकीची निनावी खबर मिळाली आणि जॉर्जियातील जॅक्सन काउंटीच्या पोलिसांनी एका १३ वर्षांच्या मुलाची व त्याच्या वडिलांची चौकशी केली. मुलाने इन्कार केला. घरात शिकारीच्या बंदुका आहेत, पण मुलाला त्या देखरेखीशिवाय मिळत नाहीत, असे वडिलांनी सांगितले. पुराव्याअभावी प्रकरण तिथेच थांबले. ४ सप्टेंबर २०२४ रोजी अपालाची हायस्कूलमध्ये दोन विद्यार्थी आणि दोन शिक्षक मारले गेले. आरोपी तोच मुलगा. सरकारी पक्षाच्या म्हणण्यानुसार गोळीबारात वापरलेली रायफल वडिलांनी त्याला नाताळची भेट म्हणून दिली होती, म्हणजे पोलीस येऊन गेल्यानंतर. वडिलांवरही मनुष्यवधासह गंभीर आरोप ठेवण्यात आले. इथे माग योग्य दारापर्यंत पोहोचला होता, हे विसरता येत नाही.

म्हणून पोलीस किंवा शाळा मुलाच्या एखाद्या संदेशाबद्दल विचारायला आली, तर पहिले काम म्हणजे बंदूक घराबाहेर नेणे: राज्याच्या कायद्यानुसार परवानगी असलेल्या नातेवाइकाकडे, विक्रेत्याकडे किंवा पोलिसांकडे. कुलूप लावणे ही किमान गोष्ट. किल्ली किंवा कोड मुलाला माहीत असेल तर त्या कुलपाला अर्थ नाही. मिशिगनमधील ऑक्सफर्ड हायस्कूलमध्ये ३० नोव्हेंबर २०२१ रोजी सकाळी, मुलाने गणिताच्या कागदावर काढलेल्या चित्रांमुळे त्याच्या आईवडिलांना शाळेत बोलावले होते. चारच दिवसांपूर्वी पिस्तूल घेतले आहे, हे त्यांनी सांगितले नाही आणि मुलाला घरीही नेले नाही. त्याच दुपारी त्या मुलाने केलेल्या गोळीबारात चार विद्यार्थी ठार झाले. २०२४ मध्ये स्वतंत्र खटल्यांत दोघेही हेतूविना झालेल्या मनुष्यवधासाठी दोषी ठरले आणि प्रत्येकाला १० ते १५ वर्षांची शिक्षा झाली. इलिनॉयमधील हायलँड पार्क येथे २०२२ मध्ये गोळीबार करणाऱ्याच्या वडिलांनी मुलाच्या बंदूक परवान्याच्या अर्जाला संमती दिली होती. बेपर्वाईचा गुन्हा कबूल केल्यावर त्यांना ६० दिवसांचा तुरुंगवास झाला. मूल बिघडले म्हणून पालकांना शिक्षा होते, असा याचा अर्थ काढणे माझ्या मते चूक आहे. डोळ्यांसमोर खुणा दिसत असताना शस्त्र हाताशी ठेवल्याबद्दल ती होते.

मूल सज्ञान असेल तर पालकांचा अधिकार कमी होतो, पण मार्ग संपत नाहीत. वीसहून अधिक राज्यांत धोकादायक व्यक्तीकडील शस्त्रे तात्पुरती काढून घेण्याचा आदेश न्यायालय देऊ शकते. अनेक ठिकाणी कुटुंबीय स्वतः अर्ज करू शकतात, फ्लोरिडात मात्र तो पोलिसांमार्फतच होतो. मुलाच्या बोलण्यात स्वतःला संपवण्याची भाषा असेल, आणि अशा प्रकरणांत ती वारंवार आढळते, तर ९८८ या क्रमांकावर दिवसरात्र मदत मिळते.

गुन्हा घडून गेल्यावर मुलाचा फोन, लॅपटॉप किंवा खाती कोणीही साफ करू नयेत. तपासात अडथळा आणण्यासाठी नोंदी नष्ट करणे हा स्वतंत्र संघीय गुन्हा आहे. जबाब देण्याआधी वकील गाठावा, आणि तो मुलाच्या वकिलापेक्षा वेगळा असावा, कारण पालकांचे आणि मुलाचे हित खटल्यात एकमेकांविरुद्ध जाऊ शकते.