बेरी लावण्याआधी तिचे मूळ रान पाहा

बेरीचे रोप बहुधा फळाचे चित्र पाहून निवडले जाते आणि दोन वर्षांत ते वाळले की दोष पाण्याला किंवा खताला दिला जातो. प्रत्यक्षात चूक बहुतेक वेळा निवडीतच झालेली असते. लागवडीखाली असलेल्या बेरींचे रानटी पूर्वज आजही कुठे ना कुठे आपोआप उगवतात. त्या रानातली माती, तिथला हिवाळा आणि तिथली ओल यांची आपल्या जागेशी तुलना केली, तर कोणते रोप जगेल याचा अंदाज आधीच बांधता येतो. (वनस्पतिशास्त्रानुसार टोमॅटो ही बेरी ठरते आणि स्ट्रॉबेरी ठरत नाही; लागवड करणाऱ्याने या वादात पडू नये.)

सुरुवात मातीपासून करावी, कारण ब्ल्यूबेरीच्या बाबतीत बाकी सारे दुय्यम आहे. उंच झुडपाची ब्ल्यूबेरी मूळची उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागातील, वाळूमिश्रित, कुजलेल्या पाल्याने भरलेल्या आम्ल जमिनीतली. शेतकरी एलिझाबेथ व्हाइट आणि वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रेडरिक कोव्हिल यांनी न्यू जर्सीत रानातील निवडक झुडपांपासून ती लागवडीखाली आणली आणि १९१६ मध्ये त्यांचे पहिले पीक विकले गेले. म्हणजे हे पीक अजून रानापासून फार लांब आलेले नाही. तिच्या मुळांना केशमुळे नसतात आणि अन्नद्रव्ये मिळवण्यासाठी ती मुळांतल्या बुरशीवर अवलंबून असते. मातीचा सामू (pH, म्हणजे आम्लता दाखवणारा आकडा; तो जितका कमी तितकी माती जास्त आम्ल) ४.५ ते ५.५ असावा लागतो. तो वाढला की लोह मुळांना घेता येत नाही आणि शिरा हिरव्या राहून मधला भाग पिवळा पडलेली कोवळी पाने दिसू लागतात. मूठभर कोरड्या मातीवर व्हिनेगर ओतून पाहावे. माती फसफसली तर तीत चुना आहे, असे समजून ब्ल्यूबेरी जमिनीत लावण्याचा विचार सोडावा आणि मोठ्या कुंडीत आम्ल मिश्रण भरून ती लावावी. माती फसफसली नाही, तरी सामू मोजून घ्यावाच. तो थोडाच जास्त असेल तर गंधक मिसळता येते. मात्र मातीतील जिवाणूंना त्याचे आम्ल करायला काही महिने लागतात, म्हणून ते लागवडीच्या आधीच्या हंगामात घालावे. पाणी चुनायुक्त असेल तर हे कष्ट हळूहळू वाया जातात. शक्य तेवढे साठवलेले पावसाचे पाणी द्यावे.

त्यानंतर हिवाळा पाहावा. थंड प्रदेशातील झुडपांना कळ्या फुटण्यासाठी ठरावीक तास गारवा लागतो आणि हे तास साधारण ० ते ७ अंश सेल्सिअस या तापमानात मोजतात. उत्तरेकडील ब्ल्यूबेरीला असे सुमारे ८०० ते १,००० तास लागतात. दक्षिणेकडील वाण मात्र अमेरिकेच्या आग्नेय भागातील एका सदाहरित रानटी जातीशी संकर करून तयार केले असल्याने त्यांतील अनेकांना त्याच्या निम्म्याहूनही कमी गारवा पुरतो. रोप घेताना वाणाच्या नावाआधी हा आकडा विचारावा. जिथे थंडी जवळजवळ पडतच नाही, तिथे सह्याद्रीच्या कातळावर तग धरणारे करवंद किंवा फालसा लावणे शहाणपणाचे. फालशाला नव्या फुटव्यावर फळे येतात, म्हणून त्याची दरवर्षी निर्धास्त छाटणी करावी.

रास्पबेरी आणि ब्लॅकबेरी या रानाच्या कडेला, झाडे पडून उजेड आलेल्या जागी माजणाऱ्या वनस्पती आहेत. मुळे बहुवार्षिक, पण प्रत्येक छडीचे आयुष्य दोन वर्षांचे: पहिल्या वर्षी ती वाढते, दुसऱ्या वर्षी फळते आणि मरते. त्यामुळे तोडणी संपताच फळलेल्या, तपकिरी झालेल्या छड्या जमिनीलगत कापाव्यात आणि हिरव्या नव्या छड्यांना हात लावू नये. शरद ऋतूत फळणाऱ्या रास्पबेरीचा अपवाद आहे. तिला पहिल्याच वर्षी शेंड्याकडे फळे येतात, म्हणून हिवाळ्यात सगळ्या छड्या कापल्या तरी चालतात. हिमालयाच्या मध्यम उंचीवरची पिवळी रास्पबेरी, जिला कुमाऊँत हिसालू म्हणतात, ती याच कुळातली.

स्ट्रॉबेरीचा इतिहास परागीभवनाचा धडा देतो. फ्रेंच अभियंता फ्रेझिए याने १७१४ मध्ये चिलीहून फ्रान्समध्ये आणलेली मोठ्या फळांची रोपे मादी होती. ती उत्तर अमेरिकेतील दुसऱ्या जातीशेजारी लावली गेली तेव्हाच नीट फळू लागली आणि या दोन जातींच्या संकरातून आजची स्ट्रॉबेरी आली. आजच्या रोपांची फुले द्विलिंगी असल्याने एकटे रोपही फळते. लडाख आणि स्पितीच्या शीत वाळवंटातील सीबकथॉर्न या काटेरी झुडपाचे तसे नाही. त्याची नर आणि मादी झुडपे वेगळी असतात, पराग वाऱ्याने जातो, म्हणून सहा-सात माद्यांमागे एक नर वाऱ्याच्या बाजूला लावावा.

क्रॅनबेरीविषयी एकच सांगायचे: ती पाण्यात वाढत नाही. मॅसॅच्युसेट्स आणि विस्कॉन्सिनमधील शेतांत पाणी भरतात ते तोडणीसाठी, कारण फळातील हवेच्या पोकळ्यांमुळे ते तरंगते, आणि हिवाळ्यात वेलींचे थंडीपासून रक्षण करण्यासाठी. एरवी तिला ओलसर पण निचऱ्याची आम्ल जमीन लागते.

रानातून फळे गोळा करायची असतील तर रंगावर विसंबू नये. युरोपच्या जंगलात बिलबेरी आणि अत्यंत विषारी बेलाडोना ही दोन्ही काळसर फळे सापडतात. बिलबेरीचे झुडूप गुडघ्याखालीच राहते, तिच्या फळावर पांढुरका मेणचट थर असतो, देठाच्या विरुद्ध टोकाला गोल कडे दिसते आणि फळ दाबल्यास गर जांभळा निघतो. बेलाडोना माणसाच्या छातीपर्यंत वाढते. तिचे फळ चकचकीत असते आणि देठाकडे पाच हिरव्या पाकळ्यांसारखी निदले चांदणीप्रमाणे पसरलेली असतात. फळ तोडण्याआधी झुडूप पाहावे, आणि टोपलीत एकही संशयास्पद फळ आढळले तर चव घेऊन खात्री करत न बसता सगळी टोपली रिकामी करावी.