या चुका टाळा: मिलिवॅटचा व्हिस्पर आणि घरी बांधलेली अँटेना

हौशी रेडिओचा बीकन, म्हणजे ठरावीक वेळाने आपोआप सिग्नल पाठवणारा छोटा ट्रान्समीटर, चालू आहे, दिवा लागतो, गच्चीवर तार ताणलेली आहे, तरीही सकाळपासून जगात कुणी सिग्नल ऐकल्याची इंटरनेटवर एकही नोंद नाही. अशा वेळी पहिला विचार येतो तो पॉवर वाढवण्याचा. २०० मिलिवॅटवरून ५ वॅटवर गेलात तर सिग्नल १४ डेसिबलने वाढेल हे खरं, पण चुकीच्या कोअरवर (ज्याच्याभोवती तार गुंडाळतात त्या चुंबकीय कड्यावर) गुंडाळलेला ट्रान्सफॉर्मर किंवा भलतीकडे पडलेली फ्रिक्वेन्सी त्याने दुरुस्त होत नाही. आधी सिग्नल नेमका कुठे अडला ते शोधा.

इथे सगळी उदाहरणं डब्ल्यूएसपीआर म्हणजे व्हिस्परची, हौशी रेडिओतल्या एका डिजिटल पद्धतीची (मोडची), घेतली आहेत. पल्सरवरच्या संशोधनासाठी १९९३ साली भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालेल्या जो टेलर यांनी २००८ मध्ये हा मोड आणला. कॉलसाइन (स्टेशनचं नाव), लोकेटर (जागेचा संकेत) आणि पॉवर एवढाच ५० बिटचा मजकूर ११०.६ सेकंदांत जातो आणि जागा घेतो जेमतेम ६ हर्ट्झ. २५०० हर्ट्झ रुंदीत मोजलेल्या गोंगाटाच्या २८ डेसिबल खाली असलेला सिग्नलही त्यात वाचता येतो. घरी केलेल्या प्रयोगाला आकडा देणारं इतकं स्वस्त साधन दुसरं नाही. मात्र पॉवर मिलिवॅटमध्ये असली तरी प्रसारणासाठी डब्ल्यूपीसीचा (केंद्राच्या दूरसंचार खात्यातल्या रेडिओ लहरींच्या विभागाचा) हौशी रेडिओ परवाना लागतोच, आणि कोणते बँड वापरायचे हेही त्या परवान्यावरूनच ठरवायचं.

शोधाची सुरुवात एका प्रश्नाने करा. तुम्हाला दूरची स्टेशनं ऐकू येतात का? येत असतील आणि तुम्हाला कुणी ऐकत नसेल, तर दोष वेळ, फ्रिक्वेन्सी किंवा ट्रान्समीटरमध्ये आहे. उलट तुम्ही सगळीकडे ऐकू जाता पण तुम्हाला काही ऐकू येत नाही, तर घरातला विजेचा गोंगाट शोधा. दोन्ही बाजू गप्प असतील तर थेट अँटेना आणि केबलकडे वळा. एवढ्याने अर्धा वेळ वाचतो.

वेळ आणि फ्रिक्वेन्सी

प्रसारण सम मिनिटाच्या पहिल्या सेकंदाला सुरू व्हायला हवं. मिनिटं जागतिक वेळेची मोजायची असली तरी आपला फरक साडेपाच तासांचा, म्हणजे ३३० मिनिटांचा आहे. हा आकडा सम असल्याने भिंतीवरच्या घड्याळातलं सम मिनिट चालतं. चूक सेकंदांत होते. संगणकाचं घड्याळ दोन सेकंद पुढेमागे झालं की डीकोड (वाचले गेलेले सिग्नल) गळू लागतात. डीकोडच्या यादीतला वेळेचा फरक दाखवणारा डीटी रकाना पाहा. सगळ्याच स्टेशनांसमोर एकसारखा मोठा आकडा दिसत असेल तर घड्याळ तुमचं चुकलंय. संगणकाशिवाय चालणाऱ्या बीकनला जीपीएस मॉड्यूल जोडावं आणि त्याची अँटेना खिडकीपाशी ठेवावी. आरसीसी स्लॅबखाली ठेवलेलं मॉड्यूल अर्धा दिवस उपग्रहच शोधत बसतं.

दुसरी चूक इतकी सरसकट होते की ती आधी तपासा. ४० मीटरवर, म्हणजे ७ मेगाहर्ट्झच्या बँडवर, ७.०३८६ मेगाहर्ट्झ हा आकडा रिसीव्हरच्या डायलचा आहे. सिग्नल त्याच्या १५०० हर्ट्झ वर, ७.०४०० ते ७.०४०२ या २०० हर्ट्झच्या पट्ट्यात पडायला हवा. फ्रिक्वेन्सी तयार करणाऱ्या एसआय५३५१ चिपच्या बीकनमध्ये थेट प्रसारणाची फ्रिक्वेन्सी टाकायची असते, म्हणजे पट्ट्याच्या मध्यावर ७.०४०१. तिथे डायलचा आकडा टाकला तर बीकन बिनचूक चालतो आणि ऐकणाऱ्याच्या पट्ट्याबाहेर राहतो. २० मीटरवर डायल १४.०९५६ आणि प्रसारणाचा मध्य १४.०९७१. रिसीव्हर नेहमी यूएसबीवर (अपर साइडबँडवर) हवा. ४० मीटरवर गप्पा एलएसबीवर (लोअर साइडबँडवर) चालतात म्हणून बटण तिथेच राहतं, टोन उलटे होतात आणि काहीही वाचलं जात नाही.

चिपसोबतचा २५ मेगाहर्ट्झचा स्वस्त क्रिस्टल २० पीपीएमने (दहा लाखांत २० भागांनी) चुकला तर १४ मेगाहर्ट्झवर २८० हर्ट्झचा फरक पडतो. पट्टाच २०० हर्ट्झचा आहे, तेव्हा कॅलिब्रेशन केल्याशिवाय पुढे जाऊ नका. चिपला १० मेगाहर्ट्झ द्यायला सांगा आणि आउटपुटवर अँटेनाऐवजी पॉवर जिरवणारा ५० ओहमचा डमी लोड लावा. रिसीव्हर एएम मोडमध्ये १० मेगाहर्ट्झवर ठेवून चीनचं वेळ सांगणारं स्टेशन बीपीएम पकडा आणि चिपजवळ रिसीव्हरला जोडलेला तारेचा एक तुकडा न्या. दोन सिग्नल मिसळून आवाज लाटेसारखा वरखाली होईल. बीकनमधला दुरुस्तीचा आकडा बदलत ही लाट सेकंदाला एकपेक्षा हळू झाली की चूक ०.१ पीपीएमच्या आत आली. एएम मोडचा आग्रह एवढ्यासाठी की रिसीव्हरच्या स्वतःच्या डायलची चूक या मोजणीत येत नाही.

क्रिस्टल पंख्याच्या वाऱ्यात नको. एका प्रसारणात फ्रिक्वेन्सी चार हर्ट्झहून जास्त सरकली तर डीकोड होण्याची आशा फार कमी. १० मीटरवर हे सरकणं ४० मीटरच्या चौपट दिसतं. बोर्ड डब्यात बंद करा, आउटपुटचा ट्रान्झिस्टर क्रिस्टलपासून लांब बसवा आणि पंधरा मिनिटं तापू द्या.

लोकेटर आणि पॉवर भरतानाही घोळ होतो. पुणे एमके६८, मुंबई एमके६९, नागपूर एमएल९१, पणजी एमके६५ मध्ये येतं. पॉवर डीबीएममध्ये, म्हणजे १ मिलिवॅटच्या किती डेसिबल वर अशी, भरायची असते. २०० मिलिवॅट म्हणजे २३, ५ वॅट म्हणजे ३७. ५ वॅटला '५' भरलं की नकाशावर तुमची अँटेना चमत्कारिक चांगली दिसते, आणि ती आकडेवारी वापरणाऱ्या सगळ्यांची तुलना बिघडते.

ट्रान्समीटर: फिल्टर, कोअर आणि तीन पाय

एसआय५३५१ चौकोनी लहर देते. तिच्यातला तिसरा हार्मोनिक, म्हणजे तिप्पट फ्रिक्वेन्सीचा नको असलेला सिग्नल, मूळ सिग्नलच्या साडेनऊ डेसिबलच खाली असतो. २० मीटरच्या बीकनचा तिसरा हार्मोनिक ४२ मेगाहर्ट्झवर, म्हणजे हौशी बँडच्या पार बाहेर पडतो. 'एवढ्याशा पॉवरला फिल्टर कशाला' हा युक्तिवाद इथे चालत नाही, कारण व्हिस्परचा सिग्नल हजारो किलोमीटर जातो तसा हार्मोनिकही जाऊ शकतो. ४० मीटरसाठी नेहमीचा सात भागांचा फिल्टर असा: दोन्ही टोकांना २७० पिकोफॅरड, आत दोन ६८० पिकोफॅरड, आणि टी३७-६ (टी३७ आकार, ६ नंबरचं मिश्रण) कोअरवर २१, २४, २१ वेढ्यांच्या तीन कॉइल. कॅपॅसिटर सीओजी किंवा एनपीओ जातीचेच घ्या. साधे सिरॅमिक तापतात, किंमत बदलतात आणि पॉवर तिथेच मुरते.

आता कोअर. बुधवार पेठेत किंवा लॅमिंग्टन रोडवर सुट्या कोअरवर क्रमांक क्वचितच छापलेला असतो. जुन्या संगणकाच्या पॉवर सप्लायमधून काढलेला पिवळा कोअर, ज्याची एक बाजू पांढरी असते, तो २६ नंबरच्या मिश्रणाचा. पिवळा दिसतो म्हणून तो ६ नंबर समजून फिल्टरमध्ये घातला तर सिग्नलची उष्णता होते. ओळख पटवायला दहा वेढे घालून एलसी मीटर लावा. टी५० आकारात ६ नंबर सुमारे ०.४ मायक्रोहेन्री दाखवेल, २ नंबर ०.५ आणि २६ नंबर ३ च्या वर. काळसर एफटी३७-४३ फेराइट थेट ३५ च्या आसपास जाईल. ६ आणि २६ नंबरचे आकडे इतके लांब आहेत की गफलत व्हायला वाव नाही.

वेढे मोजताना तार भोकातून जितक्या वेळा गेली तितके वेढे. बाहेरच्या कडेवरून मोजलं की एक कमी भरतो, आणि ट्रान्सफॉर्मरच्या दोन वेढ्यांच्या बाजूला एकाचा फरक म्हणजे सगळं गुणोत्तरच बदललं. वाइंडिंग वायरची टोकं ब्लेडने चारही बाजूंनी खरवडा आणि आधी त्यांवर कथील चढवा. वरून चकचकीत दिसणाऱ्या सोल्डरखाली एनॅमल शिल्लक राहतं. शंका असेल तिथे मल्टिमीटरची टोकं तारेवर नको, पीसीबीच्या तांब्यावर टेकवून सलगता तपासा.

आउटपुटला बीएस१७० ट्रान्झिस्टर न मिळाल्यास २एन७००० हाती दिला जातो. सपाट बाजू आपल्याकडे धरली तर बीएस१७० चे पाय डावीकडून ड्रेन, गेट, सोर्स आणि २एन७००० चे सोर्स, गेट, ड्रेन. म्हणजे तो उलटा फिरवून लावायचा. शिवाय बीएस१७० सतत ५०० मिलिअँपिअर झेलतो, २एन७००० फक्त २००. बायसचा (ट्रान्झिस्टरच्या गेटला स्थिर व्होल्टेज देणारा) प्रीसेट आधी शून्यावर आणून, सप्लायमध्ये मिलिअँपिअर मीटर घालून मगच हळूहळू वाढवा. मधोमध सोडलेल्या प्रीसेटने पहिल्याच मिनिटात ट्रान्झिस्टर जातो.

पॉवर मोजायला १०० वॅटचा एसडब्ल्यूआर मीटर वापरू नका (एसडब्ल्यूआर म्हणजे अँटेना केबलशी किती जुळते ते सांगणारा आकडा, १ म्हणजे पूर्ण जुळणी). २०० मिलिवॅटला त्यातला डायोड जागाच होत नाही. १ किलोओहमचे पाव वॅटचे वीस रेझिस्टर समांतर जोडा, ५० ओहमचा ५ वॅटचा डमी लोड तयार होतो. तारेचे वाइंडिंग असलेले सिमेंटचे रेझिस्टर टाळा, ते स्वतःच कॉइल असतात. ऑसिलोस्कोपवर लोडच्या टोकांना ९ व्होल्ट पीक-टू-पीक दिसले तर २०० मिलिवॅट, ४५ दिसले तर ५ वॅट. मोजणी फिल्टरनंतरच करायची.

अँटेना: चांगला एसडब्ल्यूआर पुरेसा नाही

अर्ध्या लहरीच्या डायपोलची (मधोमध केबल जोडलेल्या दोन हातांच्या तारेची) लांबी मीटरमध्ये १४३ भागिले मेगाहर्ट्झ. ७.०४ साठी २०.३ मीटर, प्रत्येक हात १०.१५. घरगुती वायरिंगची पीव्हीसी तार वापरली तर ती तीन-चार टक्के आखूड लागते, पण कापायची घाई नको. प्रत्येक बाजूला ३० सेंटिमीटर जास्त ठेवा, टोक मागे दुमडून तारेवरच घट्ट पिळा आणि नॅनोव्हीएनए या अँटेना तपासायच्या मीटरने सर्वांत कमी एसडब्ल्यूआर कुठे आहे ते पाहा. मग आताची लांबी गुणिले मोजलेली फ्रिक्वेन्सी भागिले हवी ती फ्रिक्वेन्सी. १०.५ मीटरचा हात ६.८२ वर जुळत असेल तर ७.०४ साठी तो १०.१७ हवा. व्हीएनएचं कॅलिब्रेशन केबलच्या अँटेनाकडच्या टोकाला करा, आणि तो जोडलेला असताना बीकन चुकूनही चालू करू नका.

तार स्लॅबपासून मीटरभर उंचीवर ताणली तर आतल्या सळ्या तिला खाली ओढतात, फ्रिक्वेन्सी सरकते आणि पॉवर काँक्रीटमध्ये जाते. बांबू किंवा ॲल्युमिनियमच्या नळीने मध्यभाग सहा-सात मीटर उचला आणि दोन्ही हात उतरते सोडा. दोघांमधला कोन ९० अंशांच्या खाली नको. विजेची तार पडली तरी अँटेनाला लागणार नाही आणि अँटेना पडली तरी तिच्यावर जाणार नाही, एवढं अंतर आधी मोजा. हे जमत नसेल तर त्या जागी अँटेना बांधूच नका.

कमी एसडब्ल्यूआर म्हणजे चांगली अँटेना हा समज सर्वांत महागात पडतो. पाव लहरीच्या उभ्या अँटेनाचा रोध मुळात ३६ ओहम असतो, म्हणून उत्तम रेडियल (अँटेनाच्या बुडापासून आडव्या पसरलेल्या तारा) असताना एसडब्ल्यूआर १.४ दिसतो. रेडियल कमी केले आणि जमिनीतल्या नुकसानीचे १४ ओहम वाढले की बेरीज ५० होते, मीटर १.० दाखवतो आणि २८ टक्के पॉवर जमिनीत जाते. २० मीटरसाठी प्रत्येकी ५.०७ मीटरचे किमान दोन, शक्यतो चार रेडियल गच्चीपासून उचलून बांधा. मग १.४ दिसला तर तो तसाच राहू द्या.

टोकाला फीड दिलेल्या अर्ध्या लहरीच्या तारेसाठी एफटी१४०-४३ वर २ आणि १४ वेढ्यांचा ४९:१ ट्रान्सफॉर्मर आणि २ वेढ्यांच्या बाजूला १०० पिकोफॅरडचा कॅपॅसिटर लावा. तो तारेवर चढवण्याआधी टेबलावर तपासा. १४ वेढ्यांच्या टोकाला २.२ किलोओहम आणि २२० ओहम एकापुढे एक जोडून एसडब्ल्यूआर मोजा. ४० मीटरवर तो दीडच्या आत नसेल तर वेढे किंवा कोअर चुकलाय. अशा वेळी तारेची लांबी बदलत बसलात तर दिवस फुकट जाईल. ५ वॅटलासुद्धा या टोकाला सुमारे ११० व्होल्ट असतात, तेव्हा हात लागेल तिथे ते ठेवू नका. केबलला हात लावल्यावर एसडब्ल्यूआर बदलत असेल तर केबलची जाळीच अँटेना झाली आहे. ट्रान्सफॉर्मरपासून दोनेक मीटरवर एफटी२४०-४३ कोअरवर आरजी-५८ केबलचे बारा वेढे घाला.

आरजी-१७४ केबल पातळ आणि सोयीची असते, पण १० मेगाहर्ट्झला १०० मीटरमागे सुमारे ११ डेसिबल खाते. २० मीटर केबल म्हणजे दोन डेसिबल गेलेच. टीव्हीची ७५ ओहमची आरजी-६ त्याहून कितीतरी कमी खाते, आणि ७५-५० च्या तफावतीने केबलवरचा एसडब्ल्यूआर साधारण दीडच होतो. ती वापरणं चूक नाही. तिच्या ॲल्युमिनियमच्या जाळीला सोल्डर करायला जाणं ही चूक. तिथे दाबून बसवायचा एफ कनेक्टर लावा.

गोंगाट, तुलना, पाऊस

ऐकण्यासाठी रिसीव्हर आणि लॅपटॉप बॅटरीवर घ्या आणि घराचा मेन स्विच दोन मिनिटं बंद करा. गोंगाट पडला तर एकेक सर्किट चालू करत दोषी शोधा. बहुतेकदा तो एलईडीचा ड्रायव्हर, चार्जर किंवा सोलर इन्व्हर्टर निघतो. गोंगाट तसाच राहिला तर तो शेजारून येतोय. अशा वेळी तार इमारतीपासून जितकी लांब नेता येईल तितकी न्या.

दोन अँटेनांची तुलना कालच्या आणि आजच्या आकड्यांवरून करू नका, लहरी परत जमिनीकडे वळवणारा आयनोस्फिअर त्याहून जास्त बदलतो. एक प्रसारण एका अँटेनावर, पुढचं दुसरीवर असं आलटून पालटून चालवा आणि त्याच रिसीव्हरांच्या जोड्या लावून सरासरी काढा. वीस-तीस जोड्या हातात येईपर्यंत निकाल मानू नका. प्रसारणाचं प्रमाण २० टक्क्यांच्या आसपास ठेवलं तर इतरांना जागा राहते आणि तुम्हालाही ऐकता येतं.

वळवाचे ढग दिसले की केबल रेडिओपासून काढून खिडकीबाहेर ठेवा. ढग गडगडायला लागल्यावर मात्र केबलला हात लावू नका. पावसाळ्याआधी प्रत्येक बाहेरचा जोड स्वतःला चिकटणाऱ्या रबरी टेपने गुंडाळा, वर साधी टेप लावा, आणि जोडाच्या खाली केबलला एक झोळ द्या म्हणजे पाणी तिथून गळून जाईल. चार सरी झाल्यावर केबल रेडिओकडून सोडवून मधली तार आणि जाळी यांत मल्टिमीटर लावा. ट्रान्सफॉर्मर नसलेल्या डायपोलला अनंत रोध दिसायला हवा. काही किलोओहम दिसले तर पाणी आत शिरलंय. ४९:१ ट्रान्सफॉर्मर असेल तर शॉर्टच दिसणार, म्हणून आधी तो सोडवून घ्या. आतली जाळी काळी पडली असेल तर ती वाळवून पुन्हा वापरू नका. चकचकीत तांबं दिसेपर्यंत केबल मागे कापा आणि नवा कनेक्टर बसवा.