सोन्याच्या नॅनोक्लस्टरचे उत्सर्जन वाढवताना: नाशिकच्या नवख्या संशोधकांसाठी

नॅनोक्लस्टर म्हणजे मोजक्या अणूंचा पुंजका; त्याच्या संश्लेषणाची कृती कुठेही मिळते. खरी अडचण त्याचे उत्सर्जन, म्हणजे त्यातून बाहेर पडणारा प्रकाश, वाढले की नाही हे ठरवताना येते. क्लस्टरभोवतीचे सोने-गंधकाचे कवच सैल असेल, तर शोषलेली बरीच ऊर्जा त्याच्या हालचालींत उष्णता होऊन विरते; ते जखडले, की तिचा मोठा वाटा प्रकाश म्हणून बाहेर पडतो. सोन्याचे २२ अणू आणि १८ ग्लुटाथायोन (गंधक असलेले लहान पेप्टाइड) असलेल्या क्लस्टरला टेट्राऑक्टिलअमोनियम हा अवजड धनायन बांधून खोलीच्या तापमानाला ६० टक्क्यांहून अधिक क्वांटम यील्ड (शोषलेल्या फोटॉनांपैकी प्रकाश म्हणून परतणाऱ्यांचे प्रमाण) मिळाल्याचे २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले आहे. तरीही अनेकजण गाभ्याचा आकार बदलण्यातच वर्ष घालवतात, हे मला अनाकलनीय वाटते.

माझा सर्वाधिक वेळ खाल्ला तो अॅब्सॉर्बन्सने, म्हणजे द्रावण किती प्रकाश शोषते याच्या मापाने. द्रावण दाट असले, की उत्तेजक प्रकाश क्युव्हेटच्या (नमुन्याच्या पारदर्शक चौकोनी नळीच्या) पुढच्या थरातच शोषला जातो. डिटेक्टर मात्र मधला भाग पाहतो, म्हणून उत्तम नमुनाही मंद दिसतो. क्लस्टरचे उत्सर्जन लाल, उत्तेजन निळे किंवा अतिनील, त्यामुळे पुनर्शोषण (बाहेर पडणारा प्रकाश द्रावणाने पुन्हा शोषणे) फारसे नाही असे मानून आपण निर्धास्त होतो. परंतु आत शिरतानाच प्रकाश अडला, तर लाल उत्सर्जनाचा काय उपयोग? धनायन मिसळण्यापूर्वीचे व नंतरचे द्रावण, दोन्ही उत्तेजनाच्या तरंगलांबीवर ०.१ पेक्षा कमी अॅब्सॉर्बन्सपर्यंत विरळ करावे, आणि दोहोंचे आकडे जुळल्याखेरीज तुलना करू नये. विरळ केल्यावर धनायन सुटतो का, हेही त्याच वेळी तपासावे.

उत्सर्जन मोजणाऱ्या स्पेक्ट्रोफ्लुओरोमीटरसाठी नमुने पुण्याला न्यायचे असतील, तर अॅब्सॉर्बन्स नाशिकला घ्यावा आणि तिथे पोचल्यावर पुन्हा घ्यावा. एप्रिलच्या उन्हात एसटीतून जाताना बाटल्या थंड व अंधारात ठेवाव्यात, मात्र मोजणीपूर्वी सर्व नमुने एकाच तापमानाला आणावेत, कारण गार नमुना अधिक उजळतो आणि ते श्रेय चुकून रसायनाला दिले जाते.

'दिव्याखाली चमकते ना, मग लिहून टाका' असे सांगणाऱ्या मार्गदर्शकाचे या बाबतीत मुळीच ऐकू नये. यील्ड कमी आले म्हणून खचण्याचेही कारण नाही: २००९ मध्ये बोवाइन सीरम अल्ब्युमिन या गाईच्या रक्तातील प्रथिनात घडवलेल्या लाल क्लस्टरचे यील्ड सुमारे ६ टक्केच होते, तरी त्यावर पुढे भरपूर काम झाले. आपला आकडा लहान असला, तरी त्याच्याशेजारी उत्तेजनाची तरंगलांबी, संदर्भ रंजक (तुलनेसाठी घेतलेला, यील्ड माहीत असलेला रंग), द्रावक आणि तापमान लिहिलेले असावे.