स्टीलचे गिअर बसवूनही स्पर गिअरचे दात उडत होते: माझा अनुभव

रिमोटवर चालणाऱ्या माझ्या नायट्रो (छोट्या इंधन-इंजिनाच्या) मॉन्स्टर ट्रकच्या ट्रान्समिशनमध्ये प्लास्टिकऐवजी स्टीलचे गिअर बसवल्यानंतर इंधनाच्या तिसऱ्या-चौथ्या टाकीलाच इंजिन किंचाळू लागे आणि गाडी जागची हलत नसे. चासिसवर काळी प्लास्टिकची पूड पडलेली असे आणि स्पर गिअरचे (इंजिनाकडून गती घेणाऱ्या, प्लास्टिकच्याच राहिलेल्या मोठ्या दातेरी चाकाचे) दात एका पट्ट्यात झिजून सपाट झालेले दिसत.

दोनदा नवा स्पर गिअर बसवला. मग स्लिपर क्लच (जास्त जोर आला की घसरून हिसका शोषणारा भाग) आवळला, तेव्हा दात आणखी लवकर गेले, कारण उडीनंतर चाके टेकताना बसणारा हिसका शोषणारे काहीच उरले नव्हते. मी पुरता वैतागलो होतो.

दोष इंजिन माउंटच्या स्क्रूंमध्ये होता. इंधनातल्या तेलाने ते ओशट होऊन कंपनाने ढिले पडत, इंजिन केसभर सरके आणि दातांची पकड सुटे.

आधी चारही स्क्रू काढून ते व त्यांची छिद्रे अल्कोहोलने पुसून कोरडी केली. धातूत बसणाऱ्या आट्यांनाच निळे थ्रेडलॉकर (स्क्रू ढिले पडू न देणारा गोंदासारखा द्रव) लावले. प्लास्टिकला ते लावू नये, तडे जाऊ शकतात. क्लच बेल (इंजिनाकडचे छोटे दातेरी चाक) आणि स्पर गिअर यांच्यामध्ये वहीच्या कागदाची पट्टी घालून इंजिन दाबून धरले, स्क्रू तिरपे-समोरासमोर आवळले आणि पट्टी काढली. कागदावर दातांचे ठसे उमटावेत, तो फाटू नये. स्पर गिअर पूर्ण फेरी फिरवून तो कुठेही अडकत नाही, याची खात्री केली. स्लिपरची स्प्रिंग पूर्ण दाबून अर्धी फेरी सैल सोडली. थ्रेडलॉकर सुकण्यासाठी 24 तास थांबलो.

त्यानंतर बारा टाक्या झाल्या. स्पर गिअर तोच आहे.