शाळेत ओबरफ्रांकेन कसे शिकवावे

विदर्भातल्या खेड्यातील शाळेत जर्मनीचा एखादा प्रशासकीय प्रदेश शिकवायचा असेल, तर बायर्न राज्याच्या सात प्रदेशांपैकी ओबरफ्रांकेन निवडावा; आपल्या अमरावती विभागासारखा हा राज्य आणि जिल्हे यांमधला स्तर असून त्याचे मुख्यालय बायरॉइट येथे आहे.

सुरुवात नद्यांपासून करावी. फळ्यावर पांढऱ्या खडूने फिश्टेल डोंगरातून निघणारी श्वेत माइन आणि लाल खडूने बायरॉइटवरून वाहत येणारी लाल माइन काढून कुल्मबाखजवळ दोन्ही रेषा जोडाव्यात. वर्धा आणि वैनगंगा मिळून प्राणहिता होते हे ठाऊक असलेल्या मुलांना माइनचा उगम लगेच उमगतो.

इतिहासासाठी बांबेर्ग घ्यावे: तेथे १००७ मध्ये ख्रिस्ती बिशपचे धर्मपीठ स्थापन झाले आणि १९९३ मध्ये जुने शहर जागतिक वारशाच्या यादीत आले. कोबुर्ग मात्र मुळीच वगळू नये, कारण तेथील जनतेने १९१९ च्या मतदानात शेजारच्या थुरिंगिया राज्यात जाण्यास नकार दिल्यावर १९२० मध्ये ते बायर्नमध्ये सामील झाले. १९५६ पर्यंत मध्य प्रदेशात असलेल्या विदर्भातल्या वर्गात या प्रसंगावर मनापासून चर्चा होते.

कपाशीच्या गावातील मुलांना होफच्या कापड उद्योगाविषयी आवर्जून सांगावे. जेल्बची चिनी मातीची भांडी आणि बायरॉइटमध्ये १८७६ साली सुरू झालेला जर्मन संगीतकार वागनरच्या संगीतनाटकांचा महोत्सव यांचा उल्लेख पुरेसा आहे.